गाडीचा एसी : आधी शोधायचे हत्यार, मग भरायचे

उन्हाळा लागला की पिवळ्या नंबरपाटीची गाडी ज्या घरात आहे, तिथे एकच तक्रार ऐकू येते. एसी थंड हवा देत नाही. गिऱ्हाईक दार उघडते, आत बसते आणि पाच मिनिटांत कुरकुर सुरू करते. मग गॅरेजमध्ये जायचे, गॅस भरून घ्यायचा, पैसे मोजायचे. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. घरातली मुले आयटीआय शिकलेली असतात. ती म्हणतात, बाबा, हत्यारे आणू, घरीच करू. विचार चांगला आहे. पण दुकानातली चकचकीत पेटी पाहून हुरळून जाऊ नये. मोठी पेटी हप्त्यावर येते, आणि गळती न शोधता गॅस भरला तर हप्ताही जातो आणि गॅसही. म्हणून कोणते हत्यार आधी घ्यावे आणि कोणते मुळीच घेऊ नये, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट मनात पक्की धरावी. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, ते वेगळे. पण दोन महिन्यांत कमी झाला, तर कुठे तरी गळती आहेच. ती तशीच ठेवून गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. म्हणून आमचे सांगणे एवढेच : पहिला पैसा शोधायच्या हत्यारांवर घाला, भरायच्या हत्यारांवर नंतर.

सुरुवात मल्टिमीटर आणि साध्या थर्मामीटरने करावी. दोन्ही स्वस्त असतात. थंडावा नाही म्हणजे गॅसच गेला असे नव्हे. फ्यूज उडालेला असतो, रिले खराब असतो, कंडेन्सरपुढचा पंखा फिरत नसतो, कधी केबिन फिल्टर धुळीने गच्च भरलेला असतो. कॉम्प्रेसरच्या क्लचपर्यंत करंट पोहोचतो की नाही, हे मीटर क्षणात सांगतो. थर्मामीटर जाळीत खोचून ठेवला की थंडावा किती आला, याचा अंदाज लावत बसावे लागत नाही.

मग गळती शोधावी. गॅसबरोबर तेलही थोडे बाहेर पडते, म्हणून ज्या जोडावर तेलकट धूळ चिकटली आहे, तिथे आधी पाहावे. साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघावे. बारीक गळतीसाठी चमकणारा रंग, यूव्ही टॉर्च आणि त्याचा पिवळा चष्मा घ्यावा. रंग यंत्रणेत सोडून काही दिवस गाडी चालवली की गळतीची जागा टॉर्चखाली उजळते. डॅशबोर्डआडची कुलिंग कॉईल दिसत नाही. तिथे गाडीखाली ठिबकणाऱ्या पाण्यावर टॉर्च मारून बघावी.

यानंतर गेजचा जोड. निळी नळी कमी दाबाची, लाल जास्त दाबाची, मधली पिवळी गॅस किंवा पंपाची. घेण्याआधी बॉनेटखालचे स्टिकर वाचा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए असतो. काही नव्या, महागड्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. तो थोडा ज्वलनशील आहे आणि त्याचे कपलरही वेगळे असतात. कपलर पितळी, घट्ट बसणारे घ्यावेत. सैल कपलर स्वतःच गळतो.

गेज काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घ्यावे. गाडी रात्रभर बंद राहिली, हवा ३० अंश सेल्सियस असली आणि आत थोडा जरी द्रवरूप आर-१३४ए उरला असला, तर दोन्ही काटे सुमारे ९७ पीएसआयवर येतात. काटा फार खाली असला, तर गॅस बहुतेक गेलाच. पण आत १०० ग्रॅम असो की ४०० ग्रॅम, काटा तेच ९७ दाखवतो. म्हणून नुसत्या गेजवर भरणे अंदाजाचे काम आहे. नेमके वजन त्याच स्टिकरवर लिहिलेले असते. ग्रॅम दाखवणारा काटा जवळ असावाच. कमी भरले तर थंडावा नाही, जास्त भरले तर कॉम्प्रेसरवर ताण.

व्हॅक्यूम पंप हे महागाचे हत्यार. यंत्रणा उघडली की हवा आणि ओल आत शिरते. ओल बारीक तोंडाशी गोठते आणि आतले धातू खाते. पंप निदान अर्धा तास चालवावा, मग नळ बंद करून काटा तितकाच वेळ पाहावा. काटा चढला तर गळती उरली आहे किंवा आत ओल आहे. पण एका घराला पंप वर्षातून एक-दोनदाच लागतो. स्टँडवरच्या चार-पाच जणांनी वर्गणी काढून एक घ्यावा. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर लावून काम भागत नाही, त्याने पुरेसा व्हॅक्यूम होत नाही.

काय घेऊ नये तेही ऐका. गळती बुजवणारा डबा नको, तो आतल्या बारीक वाटाही बुजवतो. फार स्वस्त गॅस नको, त्यात पेटणारा गॅस मिसळलेला असू शकतो. घरगुती सिलिंडरचा गॅस तर कधीच नको. दाब देऊन तपासायला ऑक्सिजन वापरू नका, तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. कोरडा नायट्रोजन, तोही रेग्युलेटर लावूनच.

चष्मा आणि हातमोजे पेटीत सर्वांत वर ठेवा. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. डबा जोडलेला असताना इंजिन चालू ठेवून लाल नळ उघडू नका, डबा फुटेल. हायब्रीड किंवा विजेच्या गाडीतल्या नारिंगी तारांना हात लावू नका.

जुना गॅस हवेत सोडू नका. कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता तो धरून ठेवतो. ज्या गॅरेजात गॅस काढून घेण्याचे यंत्र आहे, तिथे तेवढे काम द्यावे, बाकीचे घरी करावे. त्यात कमीपणा नाही.

शेवटी एक हत्यार बिनपैशाचे. मुलाच्या किंवा मुलीच्या जुन्या वहीचे एक पान घ्या. तारीख, किती ग्रॅम भरला, गळती कुठे सापडली, जाळीत किती अंश आले, ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी कोणी "गॅस संपलाय" म्हणाले, की आधी ते पान उघडून बघा आणि मगच पाकिटाला हात घाला.