नुरा कुस्ती होती हे कळूनही अंडरटेकर आणि जॉन सिना विसरता का येत नाहीत?

१३ डिसेंबर २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये जॉन सिना त्याची शेवटची मॅच खेळला. भारतात तेव्हा रविवारची सकाळ होती. समोर होता ऑस्ट्रियाचा गुंथर. त्यानं सिनाच्या गळ्याभोवती हाताचा विळखा घातला, सिनानं बराच वेळ धडपड केली आणि शेवटी हातानं थाप मारून हार मानली. ज्याच्या टी-शर्टवर आणि टोपीवर 'नेव्हर गिव्ह अप' छापलेलं असायचं, तो माणूस वीस वर्षांहून जास्त काळात पहिल्यांदाच असा हरला. बूट आणि मनगटपट्टे रिंगमध्ये ठेवून तो निघून गेला.

त्यानंतर जे झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. प्रेक्षकांनी सगळा राग ट्रिपल एचवर काढला. ट्रिपल एच हा स्वतः एकेकाळचा मोठा पैलवान, आता मात्र डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये कोण जिंकणार आणि कोण हरणार हे ठरवणारा प्रमुख. म्हणजे स्टेडियममध्ये बसलेल्या प्रत्येकाला निकाल आधीच लिहिलेला असतो हे ठाऊक होतं. तरी लोक रडले आणि चिडले. फक्त त्यांची चीड गोष्ट लिहिणाऱ्यावर होती.

जुलैमध्ये हल्क होगनचं निधन झालं, तेव्हाही आपल्याकडच्या पंचविशी-तिशी-चाळिशीतल्या लोकांचे व्हॉट्सअॅप स्टेटस अशाच फोटोंनी भरले होते. खरं तर होगनचा काळ आमच्या आधीचा. शिवाय त्याची वर्णद्वेषी वक्तव्यं २०१५ मध्ये बाहेर आल्यावर खुद्द कंपनीनं त्याला तीन वर्षं दूर ठेवलं होतं. पण त्या दिवशी हे कुणी काढलं नाही. आठवण आली की माणूस हिशेब बाजूला ठेवतो.

प्रश्न असा आहे की जी लढत लढत नव्हतीच, तिची एवढी ओढ कशी काय?

आपल्याकडे याला शब्द आहे

मराठीत ठरवून लढलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात. आणि हा शब्द कधीच कौतुकानं वापरला जात नाही. सत्ताधारी आणि विरोधक आतून मिळालेले आहेत असं म्हणायचं असेल, तर बातमीत 'नुरा कुस्ती' हमखास येते. ज्या भाषेत ठरवून लढणं ही शिवी आहे, त्याच भाषेत बोलणारी पोरं ठरवून लढणाऱ्यांची फोटोकार्डं दप्तरात घेऊन फिरत होती.

बरं, कंपनीनं हे फार लपवलंही नव्हतं. १९८९ मध्येच अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात तिनं सांगून टाकलं होतं की ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. यात प्रामाणिकपणाचा झटका वगैरे काही नव्हता. खेळ म्हटलं की राज्याचे नियम लागू होतात, तपासण्या होतात, कर भरावा लागतो. करमणूक म्हटलं की हा व्याप कमी होतो. एवढं सरळ गणित होतं. पण ही बातमी आमच्याकडे यायला पंधरा-वीस वर्षं लागली. नावाचंही तेच झालं. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी कोर्टात हरल्यावर डब्ल्यूडब्ल्यूएफचं २००२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई झालं. खानदेशात अजूनही लोक डब्ल्यूडब्ल्यूएफच म्हणतात.

पिंपळनेरला अंडरटेकर कसा पोहोचला?

धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी पिंपळनेर आहे. माझ्या पिढीचं बालपण इथे २००५ ते २०१२ च्या आसपास गेलं. तेव्हा ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन असं होतं की दिवसातले बारा-बारा तास वीज नसायची. टेन स्पोर्ट्सवर कुस्ती कधी लागते यापेक्षा त्या आठवड्यात आपल्याकडे लाइट कधी आहे, हे आधी बघावं लागायचं. ज्याच्या घरी केबल आणि इन्व्हर्टर दोन्ही, त्याच्या ओट्यावर चपलांचा ढीग.

ज्याला बघायला मिळालं नाही, त्याला दुसऱ्या दिवशी शाळेत ऐकायला मिळायचं. आणि ऐकलेली मॅच पाहिलेल्या मॅचपेक्षा कायम मोठी असायची. अंडरटेकर सात वेळा मरून पुन्हा जिवंत झालाय, ही दंतकथा अशीच भारतभर पसरली. आमच्याकडे ती अहिराणीत होती: 'अंडरटेकर मरस नही भो.' यावर वाद घालणाऱ्याला कुणी खेळायला घेत नसे.

त्या दंतकथेला एक हिंदी सिनेमाही कारणीभूत आहे. १९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी'मध्ये अक्षय कुमार अंडरटेकरशी लढतो आणि आपण सगळ्यांनी ते खरं मानलं. पडद्यावरचा तो माणूस होता ब्रायन ली. गंमत म्हणजे याच ब्रायन लीनं १९९४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफमध्येही 'खोटा अंडरटेकर' केला होता आणि त्याची लढत खऱ्या अंडरटेकरशी लावली होती. खरा, म्हणजे टेक्सासचा मार्क कॅलवे. आता यातला 'खरा' शब्द कितपत खरा, हे तुम्हीच ठरवा.

मग ट्रम्प कार्ड. रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती लढती लढल्या, किती जिंकल्या. वजनाला योकोझुना किंवा बिग शो हातात आला की समोरच्याचं कार्ड गेलंच. इंग्रजी वाचता न येणारी पोरंही ही नावं आणि आकडे घडाघडा म्हणायची. या कार्डांमुळे टीव्ही नसलेलं पोरगंही या जगात शिरू शकायचं, आणि माझ्या मते आठवण एवढी पक्की बसण्याचं मोठं कारण हेच आहे. पाहणं दहा टक्के, बाकीचं खेळणं, सांगणं, भांडणं आणि कापसाच्या ढिगावर एकमेकांना आपटणं.

एप्रिल २००६ मध्ये मात्र मोठी अडचण झाली. हिमाचल प्रदेशातल्या सिरमौर जिल्ह्यातून आलेला, पंजाब पोलिसात नोकरी केलेला दलीपसिंग राणा 'द ग्रेट खली' म्हणून आला आणि त्यानं पहिल्याच दिवशी कुणाला झोपवावं? अंडरटेकरला. पुढच्या महिन्यात तर मॅचच जिंकली. आता आपला माणूस कोण? वर्गात सरळ दोन गट पडले. जुलै २००७ मध्ये खली वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला तेव्हा भांडण थोडं मिटलं. हे सगळं भारतातली बाजारपेठ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असणार, हे आज कळतं. तेव्हा तो देशाचा विजय होता.

कार्डावरची माणसं

यातली एक बाजू अशा आठवणींत फारशी येत नाही. ज्या योकोझुनाच्या वजनावर आपण कार्डं जिंकली, तो ऑक्टोबर २००० मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेला. आपण कार्डं खेळत होतो तेव्हा त्याला जाऊन काही वर्षं झालेली होती. जपानी सुमो म्हणून दाखवला जाणारा हा माणूस मुळात सामोआ वंशाचा अमेरिकन होता, आणि ते प्रचंड वजन हेच त्याचं काम होतं. एडी गरेरो नोव्हेंबर २००५ मध्ये अडतिसाव्या वर्षी हृदयविकारानं गेला. उमागा २००९ मध्ये छत्तिसाव्या. ओवेन हार्ट तर मे १९९९ मध्ये कार्यक्रम सुरू असतानाच, छतावरून दोरानं रिंगमध्ये उतरण्याच्या स्टंटमध्ये पडून मेला. त्यानंतरही त्या रात्रीचा कार्यक्रम थांबवला नाही.

निकाल ठरलेला असतो, पण पडणं खरं असतं. जून १९९८ मध्ये अंडरटेकरनं मॅनकाइंडला सुमारे सोळा फूट उंच पिंजऱ्यावरून खाली फेकलं, ते दृश्य आजही रील म्हणून फिरतं. खाली टेबल होतं, पण गुरुत्वाकर्षणाला कुणी पटकथा दिली नव्हती.

आणि हे सगळं करणारे पैलवान कंपनीचे कर्मचारी नसतात, 'स्वतंत्र कंत्राटदार' असतात. वर्षभर एकाच कंपनीसाठी राबायचं, ती म्हणेल तिथे जायचं, पण नोकरीचे हक्क नाहीत. महाराष्ट्रात कंत्राटी भरतीवर एवढं बोललं जातं, त्या वाचकाला ही पद्धत समजावून सांगायची गरज नाही. एडी गरेरोच्या मृत्यूनंतर, २००६ मध्ये कंपनीनं औषधं आणि आरोग्य तपासणीचे नियम कडक केले. सिना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या पायांनी रिंगमधून बाहेर पडला, ही त्या कार्डांतल्या अनेकांना न मिळालेली गोष्ट आहे.

मग आपले पैलवान कुठे होते?

हा प्रश्न विचारला की ज्येष्ठ मंडळी दारा सिंगचं नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंग आणि किंग काँग यांच्या लढतींना गर्दी व्हायची. १९६८ मध्ये दारा सिंगनं मुंबईतच अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. त्या कुस्त्याही याच जातकुळीतल्या. त्यांना 'फ्रीस्टाइल' म्हटलं जायचं. आज मराठी बातमीत 'सभेत फ्रीस्टाइल' म्हटलं की खुर्च्या फेकल्या गेल्या असं आपण समजतो, तो अर्थ बहुधा तिथूनच आला असावा. नाहीतर फ्रीस्टाइल हा नियमांनी बांधलेला ऑलिंपिक प्रकार आहे. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकलं ते याच प्रकारात.

आमच्या पिढीपुरतं बोलायचं तर खानदेशाचा खरा हिरो हाकेच्या अंतरावर होता. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी. २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. त्याआधी असं फक्त नरसिंग यादवनं केलं होतं. पुढे विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले आणि २०२३ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला पोलिसांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदकही घेतलं. गोष्ट म्हणून यात काय कमी आहे? तरी सिनाच्या १७ विजेतेपदांचा आकडा तोंडपाठ असलेल्या माझ्या किती मित्रांना चौधरींनी कुठल्या वर्षी कुणाला हरवलं ते सांगता येईल? मलाही बघूनच लिहावं लागलं असतं.

यात दोष मित्रांचा नाही. महाराष्ट्र केसरी वर्षातून एकदा येते, चार-पाच दिवस चालते आणि संपते. मधले अकरा महिने तो पैलवान काय खातो, कुणाशी त्याचं वैर, गुडघा दुखावल्यावर त्यानं काय केलं, हे कुणी सांगत नाही. डब्ल्यूडब्ल्यूई मात्र दर आठवड्याला, ठरलेल्या वेळी, मागच्या भागापासून पुढे सुरू व्हायची. आपल्याकडे प्रयत्न झाले. प्रो रेसलिंग लीग डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली, २०१९ नंतर तिच्यात काही वर्षांचा खंड पडला. झी टॉकीजनं २०१८ मध्ये कुस्ती दंगल आणली. मुलाला सवय लागेल इतका काळ यातलं काही सलग चाललं नाही.

उलट खऱ्या कुस्तीला घराघरांत नेणारी अलीकडची सगळ्यात मोठी बातमी कोणती होती? फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. पाठ टेकल्याचा निर्णय मान्य नसलेल्या शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली, अंतिम लढतीतून महेंद्र गायकवाडही मैदान सोडून गेला, पृथ्वीराज मोहोळ विजेता ठरला आणि राक्षे-गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. डब्ल्यूडब्ल्यूईत पंचाला मारणं हा नेहमीचा प्रसंग असतो, पंच उठतो आणि पुढच्या आठवड्यात परत येतो. इथे मात्र एका निर्णयात पैलवानाच्या कित्येक वर्षांच्या खुराकाचा, तालमीचा आणि घरच्यांनी विकलेल्या जमिनीच्या तुकड्याचा निकाल लागत असतो. लाथेचं समर्थन नाही. पण खरं असण्याची किंमत इथे दिसते, आणि ती दर आठवड्याला पाहणं मुलांना झेपेल का, हाही प्रश्न आहे.

आता पुढची पोरं काय बघतायत?

१ एप्रिल २०२५ पासून भारतात डब्ल्यूडब्ल्यूई सोनीवरून नेटफ्लिक्सवर गेलं. सगळ्यात स्वस्त प्लॅन महिन्याला १४९ रुपयांचा, आणि तो एका वेळी एकाच मोबाइलवर चालतो. ज्या गोष्टीसाठी एका ओट्यावर वीस पोरं जमायची, ती आता एकाच्या हातातल्या सहा इंची पडद्यावर आहे. यूट्यूबवर तुकडे फुकट मिळतात, कंपनीच्या चॅनलचे १० कोटींहून जास्त सबस्क्रायबर आहेत. त्यामुळे डाव सगळ्यांना माहीत असतात, त्यामागचं भांडण माहीत नसतं. शिवाय जुलै २०२५ मध्ये 'डब्ल्यूडब्ल्यूई: अनरिअल' ही मालिका आली, तिच्यात लेखकांच्या खोलीत निकाल कसे ठरतात तेच दाखवलंय. जे रहस्य कळल्यावर आम्ही आठवडाभर कुणाशी बोललो नव्हतो, ते आता वेगळा कार्यक्रम म्हणून मिळतं.

दुसरीकडे, यात्रेतल्या दंगलीत हल्ली फडाच्या कडेला मोबाइलचे ट्रायपॉड लागलेले असतात. हलगी, निवेदकाचा चढा आवाज, इनामाचा आकडा, सगळं लाइव्ह जातं आणि पुण्या-सुरतेत कामाला गेलेली गावची माणसं खाली आपल्या पैलवानाचं नाव लिहितात. नारळावर लढणारं दहा वर्षांचं पोरगंही त्यात दिसतं. पण कुस्ती सुटली की व्हिडिओ संपतो. पुढच्या आठवड्यात ते पोरगं कुठे लढणार आहे आणि मागच्या वेळी त्याला चितपट करणारा कोण होता, हे त्याच्या वस्तादाशिवाय कुणालाच ठाऊक नसतं.