गावच्या पोरांनी आरोग्याचं धोरणही शिकावं

बारावीचा निकाल लागला की घरोघर एकच हिशेब सुरू होतो. पोरगं विज्ञान शाखेचं असेल तर डॉक्टरकीला नंबर लागतो का? लागला तर पेढे. नाही लागला तर नर्सिंग, औषधनिर्माण, नाहीतर पोलीस भरतीचं मैदान. आरोग्याच्या क्षेत्रात जायचं म्हणजे सुई टोचायला नाहीतर गोळ्या द्यायला जायचं, अशी आपली पक्की समजूत आहे. शेतकरी बंधू-भगिनींनो, याच क्षेत्रात आणखी एक वाट आहे. ती म्हणजे विद्यापीठात जाऊन आरोग्याचं धोरण शिकण्याची. या वाटेने गावची पोरं फारशी जात नाहीत आणि तोटा मात्र गावालाच होतो.

धोरण हा शब्द जड वाटतो, पण आपल्याला पैसेवारी चांगली ठाऊक आहे. पैसेवारी 50 च्या खाली आली की वर गेली, यावर दुष्काळाच्या सवलती ठरतात. शेतातलं पीक डोळ्यांदेखत जळालं तरी कागदावरचा आकडा चुकला की हाती काही लागत नाही. आरोग्याचंही अगदी तसंच आहे. सपाट भागात 30 हजार लोकसंख्येला आणि डोंगरी-आदिवासी भागात 20 हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष कुणीतरी बसून ठरवलेला आहे. कोणत्या केंद्रात कोणतं औषध किती ठेवायचं, पैसा कुठे जास्त द्यायचा, हेही कुणीतरी ठरवतं. हे नीट कसं ठरवावं, त्याची विद्या म्हणजे आरोग्य धोरण.

सापाचंच घ्या. पावसाळ्यात खुरपणीला, रात्री मोटर चालू करायला जाणारा माणूस साप चावून दगावतो, हे आपल्याला नवीन नाही. पण देशात अशी किती माणसं जातात, याचा खरा आकडा कितीतरी वर्षं कुणाकडेच नव्हता. पुष्कळ माणसं दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत, मग नोंद कुठून होणार? पुढे अभ्यासकांनी घरोघर जाऊन मृत्यूची कारणं विचारली. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार देशात वर्षाला सुमारे 46 हजार माणसं सर्पदंशाने मरत होती आणि त्यातली 97 टक्के खेड्यातली होती. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. 2024 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा काढला. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं त्याचं उद्दिष्ट आहे. आधी माणसं मोजली गेली, मग आराखडा झाला. मोजणारे बहुतेक डॉक्टर आणि संख्याशास्त्राचे जाणकार होते. त्यांच्यात शेतकऱ्याची पोरं जास्त असती तर ही मोजणी कदाचित लवकर झाली असती. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण म्हणतोच.

दुसरं उदाहरण आपल्याच राज्यातलं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत बसवली. 39 गावांत प्रयोग केला, नोंदी काटेकोर ठेवल्या. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 मध्ये प्रसिद्ध झालं. 2011 पासून हीच पद्धत आशाताईंच्या कामात देशभर आली. शेतावर चाचणी घेऊन वाण प्रसारित करावं, तसंच हे झालं.

आता आमच्या कृषी खात्याशी जोडलेली गोष्ट सांगतो. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. हा प्रश्न शेतीचा म्हणायचा की आरोग्याचा? औषधाची विक्री, पंप, मजुराच्या अंगावरचे कपडे, जवळच्या दवाखान्यातली तयारी, सगळं त्यात येतं. दोन खात्यांच्या मधल्या बांधावर उभं राहून विचार करणारा माणूस लागतो. असं माणूस आपल्या घरातून तयार झालं पाहिजे.

हे शिकायचं कुठे? मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आरोग्य धोरण, अर्थशास्त्र आणि वित्त हा विषय सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकवला जातो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत असा पदव्युत्तर अभ्यासक्रम 1997 पासून आहे. काही ठिकाणी डॉक्टर असण्याची अट नसते, कला, वाणिज्य, कृषी यांचा पदवीधरही चालतो. अटी आणि फी दरवर्षीच्या माहितीपत्रकात बघूनच अर्ज करावा. आकडेशास्त्र, रोगांचा प्रसार, सरकारी अंदाजपत्रक, कायदा हे विषय अभ्यासाला असतात. इंग्रजी लागतं, पण ते शिकता येतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही पदवी घेतली की सरकारी नोकरी ठेवलेलीच आहे, असं नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली बरीच पदं कंत्राटी असतात. बाकीचं काम संशोधन संस्था आणि स्वयंसेवी संस्थांत मिळतं. तेव्हा जमीन गहाण टाकून कुणी यात पडू नये. आधी शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाची चौकशी करावी, मग निर्णय घ्यावा.

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब यांच्यासाठी चार शब्द. 73 व्या घटनादुरुस्तीने आरोग्य आणि स्वच्छता हा विषय पंचायतींच्या यादीत घातलेला आहे. गावात आरोग्य, पोषण आणि स्वच्छतेची समिती असते, तिला अबंधित निधी येतो. बऱ्याच गावांत ही समिती फक्त सहीपुरती उरते. तिच्या बैठकीला गावातल्या दोन शिकत्या मुला-मुलींना बसवा आणि त्यांना पुढची कामं सांगा :

1) वर्षभरात गावात कोण, कोणत्या वयात, कशाने गेलं, याची आशाताईंबरोबर यादी करणे.

2) साप चावल्यावर लस मिळणारं सर्वात जवळचं ठिकाण कोणतं आणि तिथे रात्री पोचायला किती वेळ लागतो, ते लिहून ठेवणे.

3) समितीचा निधी कशावर खर्च झाला, ते ग्रामसभेत वाचून दाखवणे.

या कामाला विद्यापीठ लागत नाही, पण विद्यापीठात पुढे जे शिकवतात त्याची ही पहिली पेरणी आहे. हे करताना ज्या पोराला गोडी लागेल, त्याला पुढे पाठवा. मुलगी असेल तर अगोदर पाठवा. बाळंतपण आणि बाळाच्या दुखण्याची जाण तिला उपजत नसली तरी घरात बघून लवकर येते, आणि बाया तिच्यापाशी मोकळेपणी बोलतात.

बियाणं कुठलं घ्यायचं, हे आपण दुसऱ्यावर सोडत नाही. आपल्या दवाखान्यात काय असावं, हे ठरवणाऱ्या टेबलावरही आपलं एक माणूस असायला हवं. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, ही विनंती.