सुटलेली तारीख

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकात संगणकाविषयी लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु मला आलेला अनुभव मुळात आपल्याच शाखेचा आहे, असे माझे मत झाले आहे.

माझा लॅपटॉप जुना आहे. त्यावर लिनक्स चालते. त्याला पैसे पडत नाहीत, हे माझ्या लेखी त्याचे पहिले मोल. त्याचे वाय-फाय बिघडलेले. वायरने जोडावे, तर मोबाईलची पिन ढिली. इतिहासाचा प्रकल्प दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ई-मेलने पाठवायचा होता. तेव्हा मोबाईलचे इंटरनेट ब्लूटूथवरून घ्यावयाचे ठरवले. मावसभावाच्या जुन्या वहीत त्याची कृती होती : ‘पॅन्ड’ नावाचा प्रोग्राम चालवा. चालवला, तर उत्तर आले, ‘कमांड नॉट फाउंड’. अक्षरे तपासून पुन्हा टंकले, उत्तर तेच.

भाईंदर स्टेशनाजवळच्या एका दुकानदाराने लॅपटॉप न उघडताच निकाल दिला, “हा टाकून नवा घ्या.” घरी आल्यावर बाबांनी काही न बोलता खर्चाची वही काढली. ते मला पाहवले नाही.

त्या रात्री मोबाईलवर शोधू लागलो. लिनक्समध्ये ब्लूटूथचा कारभार ‘ब्लूझेड’ नावाची प्रणाली पाहते. डिसेंबर २०१२ मध्ये तिची पाचवी आवृत्ती आली, तेव्हा ‘पॅन्ड’ वगळण्यात आला. मात्र त्याचे काम कोणी बंद केले नव्हते. ते ब्लूटूथची सेवा आणि ‘नेटवर्क मॅनेजर’ यांच्याकडे सोपवले गेले होते. भाईंदरच्या खाडीवर नवा पूल झाला, तेव्हा गाड्यांनी जुना पूल सोडला, खाडी ओलांडणे सोडले नाही, तसेच हे. मोबाईलमध्ये ‘ब्लूटूथ टेदरिंग’ सुरू केले, लॅपटॉपशी त्याची जोडी जमवली आणि नेटवर्कच्या यादीत मोबाईलचे नाव निवडले. दहा मिनिटांत काम झाले. वेग बेताचाच, पण प्रकल्प वेळेत गेला.

आता दोष कोणाचा? यंत्राचा नव्हे. मावसभावाचाही नव्हे, त्याने लिहिले तेव्हा ते बरोबरच होते. मागाहून त्याने आठवून सांगितले की ती वही २०१० सालची. वहीवर मात्र तारीख नव्हती, आणि मीही ‘हे कधीचे?’ असे विचारले नाही. इतिहासाच्या तासाला कोणताही कागद पुढे आला की आपण पहिला प्रश्न हाच विचारतो. मराठीच्या तासाला आपण शिकतो, की ज्ञानेश्वरीच्या नकला होता होता त्यांत अपपाठ शिरले आणि एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिची प्रत शुद्ध केली. संगणकाच्या सूचनाही अशाच हातोहात उतरल्या जातात. फरक एवढाच की येथे मूळच बदलत असते आणि नक्कल जुनी राहते. मग ही विवेकबुद्धी आपण संगणकाच्या खोलीबाहेर चपलांसारखी का काढून ठेवतो?

‘ते सायन्सवाल्यांचे काम’ हे वाक्य आपण नम्रतेने म्हणतो, असे आपल्याला वाटते. वास्तविक तो आळस आहे, आणि त्याची किंमत आपले आईवडील मोजतात.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या संगणक-खोलीत एक मराठी वही ठेवावी. ज्याला जी अडचण आली, तिचा उपाय त्याने तीत लिहावा. सोबत तारीख आणि प्रणालीची आवृत्ती अवश्य लिहावी. जुना उपाय लागू पडेनासा झाला, तर तो खोडू नये. समोर नवा लिहावा. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतही तयार केले आहेत. त्यांचीही तीत नोंद असावी. प्राध्यापकांनी मनावर घेतले, तर खर्च एका वहीचा आहे.

मावसभावाच्या त्या पानावर मी आता ‘२०१०’ असे लिहून ठेवले आहे. खाली नवी कृती लिहिली आहे, आजच्या तारखेसह. तीही एक दिवस जुनी होईल. ती कधीची, एवढे तरी पुढच्याला कळेल.