पलीकडून टिचकी

कोळंबी बेसावध असते. पट्टेरी ऑक्टोपस अंग चोरून सरकतो, एक भुजा तिच्यावरून कमानीसारखी पलीकडे नेतो आणि तिकडून हलकेच टिचकी मारतो. दचकून ती उडते, ती थेट त्याच्याच मिठीत!

पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या या जिवाचं निरीक्षण जीवशास्त्रज्ञ आर्कादिओ रोदानिचे यांनी १९७०च्या दशकात केलं. नर-मादी तोंडाला तोंड लावून मीलन करतात, काही दिवस एकाच बिळात राहतात. मादी एकदाच अंडी घालून मरत नाही, महिनोन्‌महिने घालत राहते. ऑक्टोपस असं वागतो? कोणाला पटेना, लेखन नाकारलं गेलं. पुढे जीवशास्त्रज्ञ रॉय काल्डवेल यांच्या बर्कलीतल्या टाक्यांत तेच दिसलं. त्याविषयीच्या २०१५च्या शोधनिबंधावर रोदानिचे यांचंही नाव आहे. ते पाहून मला फार बरं वाटलं. हा अंक त्यांच्या ऑक्टोपसाचा.