धुराचा सुगंधही कायद्याच्या कक्षेत आणा

महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर आणि २०१३ साली सुगंधित तंबाखू-सुपारीवर बंदी आली, ती अन्नसुरक्षा कायद्याच्या आधाराने. निकोटीन घातलेला पदार्थ अन्न म्हणून विकता येत नाही, या नियमावर ती उभी आहे. त्यामुळे चघळायच्या तंबाखूचा सुगंध निषिद्ध ठरला. जळणाऱ्या तंबाखूचा मात्र मोकळा राहिला. व्हॅनिला, चेरी किंवा रमचा अर्क मुरवलेली पाइपची तंबाखू आणि फिल्टरमधली गोळी फोडली की पुदिन्याची चव देणारी सिगारेट यांना ही बंदी लागू होत नाही. एकाच सुगंधाला असे दोन न्याय असू नयेत. गणपतीपुळ्यासारख्या गावात लोक मुलाबाळांसह देवदर्शनाला आणि समुद्रावर येतात. तिथे तर ही पळवाट जास्तच जाचते.

तंबाखूच्या पानाला स्वतःची चव असते, हे नाकारण्याचे कारण नाही. भट्टीच्या उबेत वाळवलेल्या व्हर्जिनिया पानात साखर टिकते, म्हणून त्याचा धूर गोडसर लागतो. आंध्र आणि कर्नाटकात हेच पान पिकते. सावलीत वाऱ्यावर वाळवलेल्या बर्लेत साखर जवळजवळ उरत नाही, पण ते अर्क भरपूर शोषून घेते. निपाणी भागातली विडीची तंबाखू कडक म्हणून ओळखली जाते. चवी निराळ्या असल्या, तरी नवख्याला सगळ्याच झोंबतात. घसा खवखवतो, जीभ पोळते, पहिल्याच झुरक्याला ठसका लागतो. हा शरीराने दिलेला इशारा आहे आणि बाहेरून घातलेला सुगंध नेमका तोच बुजवतो. मेंथॉल घशाला गारवा देते, म्हणून धूर सौम्य वाटतो. व्हॅनिलाने त्याला मिठाईचा वास येतो. निकोटीनची पकड मात्र तशीच राहते. कडू गोळीला साखरेचा लेप देतात तो औषध पोटात जावे म्हणून. इथे त्याच युक्तीने व्यसन गळी उतरवले जाते.

यावर पहिला आक्षेप असा की, पाइप हा मोजक्या प्रौढ शौकिनांचा छंद आहे, त्यांना कशाला अडवायचे? युरोपीय संघाने हाच विचार करून सिगारेटीतल्या सुगंधावर बंदी घातली, २०२० मध्ये मेंथॉलही बंद केले, पण पाइपच्या तंबाखूला सूट ठेवली. अशी सूट किती महाग पडते, हे अमेरिकेत दिसले. तिथे २००९ मध्ये मेंथॉल वगळता सुगंधी सिगारेटी बंद झाल्या आणि सुगंधी छोट्या सिगारांचा खप वाढला. जे दार उघडे राहते, तिथून माल आत येतो. दुसरा आक्षेप, पाइपचा धूर छातीत ओढत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी. पण निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात जाते, आणि तोंडाचा व घशाचा कर्करोग पाइप ओढणाऱ्यालाही गाठतो. शेजारी बसलेल्याच्या नाकात तर तोच धूर जातो, फक्त गोड वासाचा.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बंदी टिकत नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा दूत असद बेग याने विजापूरहून तंबाखू आणि नक्षीदार नळी बादशहाच्या दरबारी नेली. १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखू ओढण्यास मनाई केली, तरी ती देशभर पसरलीच. गुटखाही आज चोरून विकला जातो. मात्र इथे ओढणाऱ्या माणसाला पकडण्याची मागणी नाही. कारखान्यात अर्क मिसळण्यावर आणि तसा माल आयात करण्यावर बंदी हवी. ती एका राज्याच्या आदेशाने भागणार नाही, त्यासाठी केंद्राने २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातच दुरुस्ती केली पाहिजे. शेतकऱ्याच्या पोटावर पाय येईल, ही भीतीही अनाठायी आहे. बंदी पानाच्या अंगच्या चवीवर नाही, बाटलीतल्या अर्कावर आहे.

याच कायद्यातली आणखी एक उणीव गणपतीपुळ्यात उघडी पडते. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई असली, तरी कायद्याच्या व्याख्येतून मोकळी जागा वगळली आहे. त्यामुळे उपाहारगृहात जो धूर चालत नाही, तो किनाऱ्यावर चालतो. डोंगरालाच गणपती मानून भाविक ज्या वाटेने प्रदक्षिणा घालतात, ती या किनाऱ्यालगतच आहे. दिल्लीतली दुरुस्ती होईपर्यंत गावाने थांबण्याचे कारण नाही. ग्रामसभेने किनारा आणि प्रदक्षिणेची वाट धूरमुक्त ठेवण्याचा ठराव करावा, दुकानदारांनी सुगंधी सिगारेटी आणि हुक्क्याचे मिश्रण ठेवू नये, हॉटेलवाल्यांनी पाहुण्यांना तसे आधीच सांगावे. चघळायच्या तंबाखूत जो सुगंध महाराष्ट्राने घातक मानला, तो धुरातही घातकच आहे. सरकारने आणि गावानेही तसेच वागावे.