हिमालयाची तयारी सह्याद्रीत

हिमालयातल्या पदभ्रमणाला जाणाऱ्या मराठी मंडळींत आता केवळ कॉलेजची मुले नसतात. पन्नाशीतली जोडपी, नोकरी करणाऱ्या स्त्रिया, निवृत्त शिक्षकही असतात. नेपाळमधला एव्हरेस्ट बेस कॅम्प हे त्यांतल्या अनेकांचे स्वप्न. तिथे दोर लावून चढावे लागत नाही, चालता आले की पुरे, असे म्हणतात. ते खरेही आहे. मात्र हे चालणे जाऊन-येऊन बारा-चौदा दिवसांचे, रोज पाच-सात तासांचे आणि ५,३६४ मीटर उंचीपर्यंतचे असते.

तयारी किमान तीन महिने आधी सुरू करावी. एप्रिल-मेमध्ये जायचे असेल तर सराव थंडीतच उरकावा. उन्हाळ्यात सह्याद्रीचे कातळ भाजून काढतात. पहिल्या महिन्यात रोज पाऊण तास भरभर चालणे आणि जिने चढणे-उतरणे पुरेसे आहे. दुसऱ्या महिन्यापासून दर रविवारी डोंगर गाठावा. पुणेकरांना सिंहगड हाताशी आहे, नाशिककरांना कळसूबाई. बारी गावातून कळसूबाईचा माथा गाठताना जेवढे चढावे लागते, जवळपास तेवढाच चढ एव्हरेस्टच्या वाटेवर फाकडिंगहून नामचे बाजारला जाताना लागतो. तिसऱ्या महिन्यात शनिवारी राजगड, रविवारी तोरणा असे सलग दोन दिवस चालावे. दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा निघणे, हाच खरा सराव. जवळ डोंगर नसेल त्यांनी पाठीवर सॅक घेऊन जिनाच चढावा.

सॅकचे वजन दोन किलोपासून वाढवत सहा-सात किलोपर्यंत न्यावे. बूट नवे घ्यायचे असतील तर सरावाच्या सुरुवातीलाच घ्यावेत. पायाला फोड यायचे ते इथेच येऊन गेलेले बरे. उतरण्याचाही सराव हवा, कारण गुडघे बोलू लागतात ते उतारावर.

जे सह्याद्रीत मिळत नाही

कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, उंची १,६४६ मीटर. एव्हरेस्टची पायवाट जिथून सुरू होते ते लुक्लाच २,८६० मीटरवर आहे. म्हणजे आपला शेवट तिथल्या आरंभाच्याही खाली राहतो. विरळ हवेची सवय इथे होऊच शकत नाही. बेस कॅम्पवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम निम्मा असतो.

ही बाधा वय किंवा ताकद पाहत नाही. उलट दमदार तरुण भराभरा वर जातो आणि आधी आजारी पडतो. म्हणून ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून अधिक उंचीवर नसावा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच ठिकाणी थांबावे. डोकेदुखीबरोबर मळमळ, अन्नावरची वासना जाणे किंवा फार थकवा जाणवला, तर आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे ही धोक्याची खूण. अशा वेळी रात्र असली तरी रुग्णाला सोबत देऊन ताबडतोब खाली न्यावे.

निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी तर जरूरच. स्त्रियांनी हिमोग्लोबिनही पाहावे. विरळ हवेच्या त्रासावरच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

सह्याद्रीत आणखी एक सवय लावून घेता येते. ठरल्या वेळेत माथा आला नाही, सोबत्याला बरे वाटेना, तर तिथूनच मागे फिरायचे. सिंहगडावरून अर्ध्या वाटेतून परतताना ज्यांना संकोच वाटत नाही, त्यांना बेस कॅम्प एका दिवसावर असतानाही परतणे जमते. त्रास अंगावर काढत पुढे जाणाऱ्याला मात्र तो एक दिवस फार महाग पडू शकतो.