नाइन एच आणि एक ओला फडका

ठाणे-डोंबिवलीत नवी गाडी ताब्यात घेणाऱ्याशी हल्ली विम्याची बोलणी संपायच्या आत सिरॅमिक कोटिंगची सुरू होतात. विम्याच्या हप्त्यावर माणूस घासाघीस करतो. कोटिंगच्या वीस-तीस हजारांपुढे मात्र निमूट मान डोलावतो, कारण तिथे शास्त्राची भाषा असते: नॅनो, सिलिका, नाइन एच.

पूर्वपक्ष थोडक्यात असा. वॅक्स ही पेन्शनरांची रविवारची करमणूक. जूनच्या पहिल्या सरींबरोबर ते वाहून जातं. सीलंटही त्याच माळेतलं. कोटिंग मात्र एकदा केलं की पाच वर्षं गाडीकडे बघायला नको: ओरखडा नाही, डाग नाही, पावसात गाडी आपली आपण धुऊन निघते. हा पक्ष हिरीरीने मांडणारे एक जाणकार बोलणं संपवताना मोबाइलवर बॉनेटवरून घरंगळणारे टपोरे थेंब दाखवतात. थेंब खरोखर देखणे असतात. प्रस्तुत लेखकाची तक्रार ते वाळल्यानंतर सुरू होते.

पण आधी नाइन एच. हा आकडा ऐकून गिऱ्हाइकाला रत्नांची आठवण व्हावी अशीच योजना असते. मोहसच्या मापनात हिरा १० आणि माणिक ९; तेव्हा आपल्या गाडीवर माणकाच्या तोडीचं काहीतरी चढलं, असा समज होतो आणि तो दुरुस्त करायची कोणाला घाई नसते. वास्तविक नाइन एच ही पेन्सिल आहे. ठरावीक वजनाखाली, पंचेचाळीस अंशांत धरलेली पेन्सिल रंगाच्या थरावरून सरकवायची आणि कोणत्या पेन्सिलीने चरा उठतो ते पाहायचं, अशी ही चाचणी. आयएसओ १५१८४ या मानकात ती दिलेली आहे. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती. घोडबंदर रोडवर मेट्रो ४च्या कामातून आणि कल्याण-शीळ रस्त्यावरच्या खोदकामातून वर्षानुवर्षं उडालेली धूळ पेन्सिलीची नव्हती. तिच्यात खडीची, म्हणजे दख्खनच्या काळ्या कातळाची भुकटी होती. या कातळातलं फेल्डस्पार मोहसच्या मापनात ६च्या पुढे जातं, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास अडते. म्हणजे सिलिकाच्या ज्या काचेसारख्या थराचा एवढा गवगवा, त्या काचेलाच ही धूळ ओरखडू शकते. आणि थर तरी केवढा? कारखान्यातून आलेल्या गाडीचा क्लिअरकोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. कोटिंग एक-दोन मायक्रॉनचं, कित्येकदा त्याहून कमी.

आता त्या धुळीला गाडीवर फिरवतो कोण, हा प्रश्न. सिरॅमिकवाद्यांच्या बोलण्यात तो येतच नाही, आणि या दोन शहरांतल्या गाड्यांच्या रंगाचं भवितव्य तर तोच ठरवतो. ठाण्याच्या पाचपाखाडीत असो की डोंबिवलीच्या टिळकनगरात, पहाटे अंधारात एक माणूस बादली घेऊन सोसायटीत शिरतो. ऑफिसची वेळ होण्याआधी त्याला ओळीने गाड्या उरकायच्या असतात. बादली एक, फडका एक. पहिल्या गाडीची धूळ फडक्यात, फडका बादलीत, आणि तेच पाणी पुढच्या गाडीवर. पाचव्या-सहाव्या गाडीपर्यंत बादलीतल्या पाण्याला रंग आलेला असतो आणि फडका पॉलिश पेपरचं काम करू लागतो. वर्षभरात दिव्याखाली गाडीवर कोळिष्टकासारखी गोल गोल जाळी दिसते, ती याची कमाई. वीस हजारांच्या कोटिंगवरूनही हाच फडका फिरतो आणि पाचशेच्या वॅक्सवरूनही. फडका भेदभाव करत नाही.

यात त्या माणसाला दोष देण्याची रीत आहे. ती लबाडीची आहे. महिन्याला काहीशे रुपयांत रोज गाडी चकचकीत हवी, नळाला पाइप लावू द्यायचा नाही, उन्हाळ्यात पाणीकपात लागली की अर्धी बादली मिळणार, आणि वर मायक्रोफायबरची अपेक्षा! कोटिंगला हजारो मोजणारा गृहस्थ त्याला दुसरी बादली घेऊन देत नाही.

पाण्याचं त्याहून वाईट. उल्हास नदीचं नळाचं पाणी एक वेळ परवडलं, पण घोडबंदर पट्ट्यातली कित्येक संकुलं टँकरवर चालतात, अनेक सोसायट्यांत वापरायला बोअरवेलचं पाणी असतं. कातळातून मुरत आलेल्या या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं. कोटिंग केलेल्या पृष्ठभागावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन बसतं; ऊन लागलं की पाणी उडतं आणि क्षार तिथेच एका कड्यात गोळा होतात. श्रावणातला ऊनपाऊस याला फार अनुकूल. आधीच बसलेल्या सिमेंटच्या धुळीवर सर यायची, लगेच ऊन पडायचं, की संध्याकाळी काळ्या गाडीवर पांढऱ्या टिकल्या. जाहिरातीतल्या थेंबांचा हा उत्तरार्ध. वॅक्सवरही डाग पडतात, अलबत. पण तिथे डागासकट वॅक्स घासून काढायचं आणि दुसरा हात मारायचा, एवढंच काम. कोटिंगवरचा डाग व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाने निघाला तर ठीक, नाहीतर पॉलिशर चालवावा लागतो. मग त्या भागातलं कोटिंगही जातं.

रिक्षा घासून गेली आणि दार रंगवून आणलं, तर त्या दारावर कोटिंग नसतं. ठाण्यात रिक्षा घासून जातेच.

हे सगळं नवीन नाही. थोड्या जुन्या वाचकांना टेफ्लॉन कोटिंगचा काळ आठवत असेल. तेव्हाही शोरूममध्ये हाच उत्साह होता. टेफ्लॉन ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, तव्यावर ते भट्टीत भाजून बसवतात. गाडीच्या रंगावर ते हाताने चोळून कसं चिकटणार, असं विचारणाऱ्याला तेव्हा कंजूष ठरवलं गेलं. टायरमध्ये नायट्रोजन भरण्याचा वादही तसाच. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, हे सांगितलं की समोरचा माणूस दुखावल्यासारखा पाहायचा. कोटिंग त्या दोन प्रकारांइतकं पोकळ नाही, हे मान्य करायला हवं. त्याच्यामागे खरं रसायन आहे, ते रंगाला घट्ट धरतं, डिटर्जंटला वॅक्सहून कितीतरी चांगलं तोंड देतं. ज्या डोंबिवलीने २०१४च्या जानेवारीत हिरवा पाऊस पाहिला आणि २०२०च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला गुलाबी झालेला रस्ता पाहिला, तिथे रसायनांना तोंड देणाऱ्या थराची थट्टा करणं बरं नाही. आणि कार्नोबा वॅक्सची बाजू प्रस्तुत लेखक घेणारही नाही. ब्राझीलच्या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं ते मेण, दिसायला सुरेख; मेच्या उन्हात तापलेल्या बॉनेटवर आणि जुलैच्या धारेत ते फार दिवस तग धरत नाही.

भांडण आहे ते ‘बघायला नको’ या शब्दांशी. अनेक वॉरंटी कार्डांच्या मागची बारीक अक्षरं वाचावीत. पक्ष्यांची विष्ठा वगळलेली, क्षाराचे डाग वगळलेले, ओरखडे वगळलेले. शिवाय दर काही महिन्यांनी पैसे भरून ‘मेंटेनन्स’ला आलं पाहिजे, नाहीतर वॉरंटी रद्द. त्या मेंटेनन्समध्ये काय होतं? गाडी नीट धुतात, रुळांजवळ आणि ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे कण काढणारं द्रव मारतात, ते जांभळं होऊन ओघळतं, आणि शेवटी सिलिकायुक्त स्प्रे मारून पुसतात. हा स्प्रे कामाने सीलंटच आहे. ज्याला एका माळेत ओवून फेकून दिलं होतं तेच मागच्या दाराने आत आलं, फक्त पावती मोठी झाली.

मग करावं काय? उघड्यावर, झाडाखाली किंवा रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्याने पॉलिमर सीलंटची एक बाटली घ्यावी आणि वर्षातून तीनदा हात मारावा: मेअखेर, नवरात्राच्या सुमारास आणि फेब्रुवारीत. तासा-दीड तासाचं काम आहे. डाग पडला, दार रंगवलं, तर तेवढ्याच भागावर पुन्हा लावता येतं. ज्याच्याकडे पोडियम किंवा स्टिल्टखाली जागा आहे, जो गाडी स्वतः धुतो आणि धुतल्यावर कोरडी करतो, त्याने कोटिंग खुशाल करावं. त्याच्या हातात ते टिकेल. अर्थात त्याच्या हातात सीलंटही टिकलं असतं.

आणि गाडी पुसणाऱ्याला रोज बोलावू नये. आठवड्यातून दोनदा पुरे, पगार तोच ठेवावा. पाइप बंद असेल तर न खळबळता धुण्याचं द्रावण मिळतं, त्याला पाणी बादलीभरच लागतं. सोबत जाड मायक्रोफायबरची सात-आठ फडकी द्यावीत आणि घडीची एक बाजू मळली की दुसरी, सगळ्या मळल्या की दुसरं फडकं, एवढं समजावून सांगावं. वापरलेली फडकी मात्र परत घेऊन घरीच धुवावीत, आणि धुताना त्यात फॅब्रिक सॉफ्टनर घालू नये. त्याने तंतू बुजतात आणि फडकं पाणी टिपेनासं होतं.